शिफारसपत्र कोणाचं घ्यावं?
विभागप्रमुखांचं पत्र जोडलं की अर्जाला वजन येतं, हे काही मला पटलं नाही. अमेरिकेतल्या बायोमेडिकल पीएचडीला बहुधा ३ पत्रं लागतात. एखाद्या पत्रात 'विद्यार्थिनी हुशार व नम्र आहे' एवढंच असेल, तर सही कितीही मोठ्या माणसाची असो, पत्र फुकट. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट ज्या मॅडमकडे केलास त्यांना विचार. वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं ठरावीक प्रथिन ओळखायची चाचणी) सलग फसत असताना तू काय बदल करून पाहिलेस, हे त्याच लिहू शकतील. सप्टेंबरातच विचार, कारण बऱ्याच ठिकाणची मुदत १ डिसेंबरच्या आसपास संपते आणि आपल्याकडे मधे दिवाळी येते!

जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी काढून टाकलीय. आधी वेबसाइट बघ, मग पैसे भर. प्राध्यापकांना शंभर ईमेल पाठवायचीही गरज नसते. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन करूनच, म्हणजे प्रत्येकीत थोडे दिवस काम करूनच, गाइड ठरतो.

एक कटू गोष्ट मात्र आधीच माहीत असू दे: एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेकडून विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांना मिळणाऱ्या टी-३२ अनुदानातून परदेशी विद्यार्थ्यांना पैसे मिळत नाहीत. त्यामुळे काही विभाग आपल्यासाठी जागा मोजक्याच ठेवतात.