रात्रभर कोलात बुडवलेला दात काहीच सिद्ध करत नाही

फ्लोराईड लावलेला आणि न लावलेला, दोन्ही दात रात्रभर कोलात ठेवल्यावर सारखेच खराब झाले, म्हणून फ्लोराईड निरुपयोगी, हा घरगुती प्रयोगातून काढला जाणारा निष्कर्ष पटत नाही. तोंडात आम्ल काही मिनिटं टिकतं, मग लाळ ते धुऊन काढते. बारा तासांत कुठलाही संरक्षक थर विरघळणारच. प्रयोगशाळेत इनॅमलचे (दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाचे) तुकडे घासून सपाट करतात, अर्ध्या भागावर नेलपॉलिश लावून तो झाकतात आणि फ्लोराईडच्या उपचारानंतर सायट्रिक आम्लात काही मिनिटंच बुडवतात. मधल्या वेळात कृत्रिम लाळ. हे चक्र दिवसातून अनेकदा, कित्येक दिवस चालतं. शेवटी नेलपॉलिश काढून झाकलेल्या आणि उघड्या भागातला खोलीचा फरक प्रोफाइलोमीटरने (पृष्ठभागाचा चढउतार मोजणाऱ्या यंत्राने) मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजतात. फ्लोराईडची टूथपेस्टही घट्ट न लावता पाण्यात किंवा लाळेत पातळ करून वापरतात, कारण तोंडात ती तशीच होते. आम्ल ढवळण्याचा वेग बदलला तरी झीज (आम्लाने इनॅमल विरघळणं) बदलते, म्हणून तो सगळ्या नमुन्यांना एकच हवा.

आणखी एक मुद्दा: टूथपेस्टच्या पाकिटावरचा फ्लोराईडचा आकडा सारखा असला तरी संयुग महत्त्वाचं. सोडियम फ्लोराईडमुळे बसणारा कॅल्शियम फ्लोराईडसारखा थर आम्लात लवकर विरघळतो. स्टॅनस फ्लोराईडमधलं कथिल इनॅमलवर जास्त आम्लरोधक थर देतं, म्हणून झिजेच्या चाचण्यांत ते बहुधा सरस ठरतं. कीड जिवाणूंच्या आम्लाने होते, ही झीज खाण्यापिण्यातल्या आम्लाने; म्हणून किडीच्या चाचणीवरून झिजेचा अंदाज बांधू नका.