अ‍ॅलिसची लाल राणी आणि भातावरचा करपा

अ‍ॅलिसचा प्रभाव आता सिनेमा आणि टी-शर्टवरच्या चित्रांपुरता उरलाय, असं म्हटलं जातं, पण ते मला अजिबात पटत नाही. लुईस कॅरोलच्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ या गोष्टीच्या १८७१ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात लाल राणी अ‍ॅलिसला सांगते, की इथे आहे त्याच जागी टिकायचं तरी जीव तोडून पळावं लागतं. १९७३ मध्ये ली व्हॅन व्हॅलेन या जीवशास्त्रज्ञाने उत्क्रांतीविषयीच्या आपल्या गृहीतकाला याच राणीचं नाव दिलं: भोवतालचे इतर जीव सतत बदलत असतात, म्हणून नुसतं टिकून राहायलाही प्रत्येक प्रजातीला बदलत राहावं लागतं. ते आजही तितकंच चर्चेत आहे.

फोंड्यात बारावीला उत्क्रांती शिकवताना मी भातावरच्या करप्याचं, म्हणजे बुरशीमुळे होणाऱ्या रोगाचं, उदाहरण देते. रोगाला दाद न देणारं वाण येतं, काही वर्षांत बुरशी बदलते, पुन्हा नवं वाण शोधावं लागतं. घरची शेती असलेल्या मुलांना राणी लगेच कळते. त्यांतली काही मग मूळ गोष्टही वाचायला मागतात.