रोज तीन रील टाकायच्या, की आधी फोन उचलायचा?

खाडीपलीकडचा (गुहागर):
होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर परवा एका मार्केटिंग सल्लागार साहेबांची पोस्ट फिरत होती. सारांश असा: कोकणात निसर्ग आहे, माल आहे, पण दाखवायची अक्कल नाही. रोज तीन रील टाका, दहा हजार फॉलोअर करा, गिऱ्हाईक आपोआप दारात. खाली कोर्सची लिंक, हे सांगायला नकोच.

रोज तीन? मग झाडलोट कोण करणार, मासे आणायला कोण जाणार?

माझ्या चार खोल्या. गेल्या पावसात भाच्याने आईची रील काढली, विळीवर नारळ खवतेय, मागे पागोळ्या. दोन लाख लोकांनी बघितली. साठेक फोन आले. निम्म्यांना गोवा किती लांब ते हवं होतं, एका बाईंना ती विळी विकत हवी होती. खोल्या भरल्या दोन, त्याही एकाच रात्री.

उलट खरा तोटा झाला तो नकाशावरच्या एका टिंबाने. गूगलवर आमच्या घराची पिन कुणीतरी खाडीच्या पलीकडे, दाभोळच्या बाजूला टाकलेली. पुण्याचं एक कुटुंब रात्री जेट्टीवर येऊन उभं, धोपाव्याला जाणारी शेवटची फेरीबोट गेलेली. लहान पोर गाडीत रडतंय आणि मी फोनवर 'समोर दिवे दिसतायत ना, तेच आमचं गाव' म्हणून सांगतोय. ते परत दापोलीला गेले. दुसऱ्या दिवशी एक स्टार. चूक कुणाची ते लिहायला स्टारखाली जागा असते, पण वाचतो कोण?

तेव्हा नव्याने सुरू करणाऱ्यांनो, आधी गूगलवर धंद्याची नोंद स्वतः करा, पिन स्वतः उभं राहून टाका, संडास-बाथरूमचे खरे फोटो लावा, दर लिहा. आणि फोन उचला. रील त्यानंतर.

आगळवाली (वेंगुर्ले):
काका, तुमचं घर आहे म्हणून पिन. मी पिन कुठे टाकू, माझ्या चुलीवर? माझं गिऱ्हाईक डोंबिवलीत आणि कोथरूडला. ते माझ्या दारात येणार नाही, मलाच त्यांच्या मोबाईलमध्ये जायचंय.

आमसुलं मुळातच काळी असतात असं शहरातल्या निम्म्या लोकांना वाटतं. मी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडताना दाखवले, सालांना रसाची पुटं देताना दाखवली, लाल झालेले हात दाखवले. 'एवढं करावं लागतं?' म्हणून पहिल्या अकरा ऑर्डरी त्या एका व्हिडिओवर आल्या. दुकानदार माझा माल घेऊन स्वतःचं लेबल लावायचा, तेव्हा कुठे होती तुमची पिन?

आणि रोज तीन कुणी टाकत नाही. रातांबे एप्रिल-मेमध्येच असतात. तेव्हा काढून ठेवते, वर्षभर आठवड्याला एक-दोन टाकते.

रीलवाला पोरगा:
ताईंशी सहमत. शिवाय बूस्ट करा, म्हणजे पैसे भरून रीलची जाहिरात करा, दोन हजारांत जग कव्हर.

खाडीपलीकडचा:
केलं होतं बाळा. दोन हजार, वर १८ टक्के जीएसटी. भाच्याने ठिकाणात 'भारत' ठेवलं. लाइक आले बिहारपासून आसामपर्यंत. चहाला कुणी आलं नाही.

रीलवाला पोरगा:
मग चूक भाच्याची, बूस्टची काय? पुणे, कोल्हापूर, मुंबई एवढीच शहरं निवडायची, आणि लाइकऐवजी थेट व्हॉट्सॲपवर मेसेज येईल अशी जाहिरात लावायची. लाइक काय भातावर घालून खायचेत?

पेटीवाला (देवगड):
तुमचं लाइकांचं चाललंय. माझा व्हिडिओच चोरला. आढीत आंबा उलटतोय, पेंढा बाजूला करतोय, मागे आमचा मांगर, बागेतली झोपडी. कुणीतरी माझा नंबर कापला, स्वतःचा टाकला आणि कर्नाटकातला आंबा 'देवगड' म्हणून विकला. लोकांनी मांगर ओळखला आणि शिव्या मला! दाखवा अजून माल.

दादरचा चाकरमानी:
दादा, राग मानू नका, पण कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरतं कोण? धारवाडचे लोक येऊन भरतात का? मागच्या वर्षी 'थेट बागेतून' म्हणून एक पेटी घेतली. पहिल्या डझनात पाच साक्याचे, आतून खराब निघाले.

पेटीवाला:
साका फळ कापल्याशिवाय दिसत नाही, हे मुंबईत बसून कळायचं नाही. पेटी भरणारे दलाल असतात, बागायतदार नव्हे. २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हापूस आमचाच म्हणून.

अलिबागकर:
'आमचाच' म्हणजे कुणाचा? जीआयमध्ये सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर असे पाचही जिल्हे आहेत. आमच्याकडचा हापूस काय रानातला रायवळ आहे?

पेटीवाला:
कागदावर पाच. चव जिभेवर कळते.

अलिबागकर:
मग स्टिकर कशाला लावता, जीभच पाठवा पेटीतून.

दादरचा चाकरमानी:
मला सांगा, गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? कर्नाटकातही कलम हापूसचंच असतं. स्टिकर तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही छापून मिळतो.

पेटीवाला:
जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून बागायतदाराची नोंद होते. माझी आहे. नोंदीचा नंबर मागा, जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि आंबा हंगामातच विकायचा असतो, वर्षभर रील टाकत बसायला मी आमसुलं विकत नाही.

आगळवाली:
आमसुलं विकणं हलकं वाटतं का तुम्हाला?

पेटीवाला:
तसं कुठे म्हटलं?

आगळवाली:
तस्संच म्हटलंत. वर वाचा.

खाडीपलीकडचा:
अहो, धागा आंब्याचा नाही.

मालवणी तिखट:
आंब्याचा ऱ्हवांदे. माझ्या भावाचा आयका. त्येनी नंबर सगळीकडे टाकल्यान तसो एकाचो फोन इलो, 'मी आर्मीत आसय, बारा खोल्ये होये, ॲडव्हान्स पाठवतंय, क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन घाला.' भावान पिन घातल्यान. बारा हजार गेले. पैसे येवक पिन लागना नाय, ह्या पयला शिका, मगे रीली काढा.

दादरचा चाकरमानी:
हे मात्र खरं. आता माझीही एक तक्रार, गिऱ्हाईक म्हणून. रील सुंदर, ड्रोनने काढलेली. दर विचारला की 'इनबॉक्समध्ये या'. इनबॉक्समध्ये गेलो की 'कॉल करा'. दुपारी एकला कॉल केला तर चारपर्यंत कुणी उचलत नाही. लोक गोव्याला का जातात ते कळलं? आपला माणूस आळशी तो आळशीच.

खाडीपलीकडचा:
तोंड सांभाळून. दुपारी एकला मी पंधरा पानं वाढत असतो. आळशी माणसाने पंधरा माणसांना सुरमई तळून घातलेली बघितलीय कधी? तुम्ही गणपतीला चार दिवस येता, आयतं जेवता आणि आम्हाला आळशी म्हणता.

दादरचा चाकरमानी:
बरं, शब्द मागे. पण फोनचं काय? 'आधी फोन उचला' हे तुम्हीच वर लिहिलंय.

खाडीपलीकडचा:
...लिहिलंय.

आगळवाली:
काका, व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. फुकट आहे. मेसेज आला की 'वाढप चालू आहे, चारनंतर फोन करतो' असं आपोआप जातं. खोल्यांचे फोटो आणि दर कॅटलॉगमध्ये टाका, म्हणजे तेच तेच सांगायला नको. मी तर पार्सलमध्ये चिठ्ठी घालते, 'माझा नंबर सेव्ह करा'. ब्रॉडकास्टचा मेसेज नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो, आणि एका लिस्टमध्ये २५६ च मावतात. पण ते २५६ लोक आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, संपलं की परत मागतात. फॉलोअर नऊ हजार आहेत, त्यातले ओळखीचे किती ते विचारू नका.

खाडीपलीकडचा:
म्हणजे फिरून मी म्हणतो तेच. धंदा त्या २५६ वर चालतो, नऊ हजारांवर नाही.

आगळवाली:
आणि ते २५६ आले कुठून? त्या रातांब्याच्या व्हिडिओतून. अर्धंच ऐकता तुम्ही.

खाडीपलीकडचा:
मान्य. अर्धं.

पेटीवाला:
चोरलेल्या व्हिडिओचं काय करायचं, ते कुणी सांगितलंच नाही.

रीलवाला पोरगा:
रिपोर्ट करा, ओरिजिनल तुमच्याकडे आहेच. पुढच्या वेळी नंबर कोपऱ्यात नको. पेटीवर मोठा रंगवा आणि ती पेटी कॅमेऱ्यासमोरून हलवू नका. मग कापणार काय?

पेटीवाला:
हं. हे बरं आहे. पोरगं अगदीच वाया गेलेलं नाही.

खाडीपलीकडचा:
ताई, आईला आगळ हवंय, दोन बाटल्या. भाव इथेच लिहा.

आगळवाली:
इनबॉक्समध्ये या काका. चारनंतर.