'द व्हॅम्पायर डायरीज' : मालिका संपली, आता पुस्तकं कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं?

निशाचर
आठही सीझन बघून झालेत. आता एल. जे. स्मिथ यांचं पहिलं पुस्तक हातात घेतलंय आणि सुरुवातीलाच गाडी अडली. नायिका एलेना सोनेरी केसांची, तिच्या भावाचा, जेरेमीचा, पत्ता नाही, त्याच्याऐवजी मार्गारेट नावाची चार वर्षांची बहीण. गावाचं नावही मिस्टिक फॉल्स नाही, फेल्स चर्च. पुस्तक हेच ना? पुढे किती वाचावीत? आणि एलेना व्हॅम्पायर होते तो भाग कितव्या पुस्तकात येतो? याच मालिकेतून निघालेलं 'द ओरिजिनल्स' अजून बघितलेलं नाही, तेही मधे कुठे बसवायचं ते सांगा. स्पॉयलर चालतील.

जुनी_वही
पुस्तक हेच. पहिली तीन १९९१ची, मालिका २००९ची. मधल्या अठरा वर्षांत नावं आणि व्हॅम्पायरला उन्हात वावरू देणारी अंगठी राहिली, बाकी बरंच बदललं. पुस्तकातले साल्वातोरे बंधू, म्हणजे स्टेफन आणि डेमन हे दोघे व्हॅम्पायर, रेनेसान्सकालीन फ्लॉरेन्सचे, त्यांना व्हॅम्पायर बनवणारी कॅथरिन जर्मन, आणि दोघं भाऊ तलवारी उपसून एकमेकांना मारतात. मालिकेत १८६४चं व्हर्जिनिया, कॅथरिन मूळची बल्गेरियन, आणि भावांना गोळ्या घालतो तो बाप. एलेनाची मैत्रीण बॉनी पुस्तकात लाल केसांची, ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित) वंशातली. मालिकेत सेलमच्या चेटकिणींची वारस. मेरेडिथ सुलेझ ही मैत्रीण तर मालिकेतून पार कापली, फक्त 'मेरेडिथ' हे नाव एका डॉक्टरणीला दिलं.

आता क्रम. 'द अवेकनिंग', 'द स्ट्रगल', 'द फ्यूरी' आणि चौथं 'डार्क रियुनियन'. जोडखंडाची आवृत्ती असेल तर एका खंडात दोन दोन असतात, त्यामुळे दोनच पुस्तकं दिसली तरी काही राहिलं असं समजू नका. माझं मत विचाराल तर चारांवर थांबा. त्यानंतरची 'द रिटर्न' त्रयी (२००९ ते २०११) स्मिथ यांनीच लिहिली, पण तिथे जपानी लोककथांमधले कित्सुने (मायावी कोल्हे) आणि एक समांतर अंधारं जग येतं. पहिल्या चारांची चव राहत नाही. त्यापुढची 'द हंटर्स' त्रयी घोस्टरायटरची, म्हणजे स्मिथ यांच्या नावामागे दुसऱ्याच कुणी लिहिलेली. मूळ लेखन कंत्राटी होतं, हक्क पुस्तक-पॅकेजिंग कंपनीकडे, म्हणून २०११मध्ये लेखिकेलाच बाजूला करता आलं. पुढे त्यांनी आपल्याच पात्रांची गोष्ट किंडल वर्ल्ड्स या अ‍ॅमेझॉनच्या मंचावर फॅन फिक्शन (चाहत्यांनी लिहिलेली गोष्ट) म्हणून लिहिली. याहून कडू विनोद या प्रकारात दुसरा नसेल.

एक सापळा: 'स्टेफन्स डायरीज' ही सहा पुस्तकांची मालिका. मुखपृष्ठावर स्मिथ यांचं नाव दिसतं म्हणून लोक ती पहिल्या चारांच्या जोडीने वाचायला घेतात आणि तारखाच जुळत नाहीत. ती टीव्हीच्या कथेवर, म्हणजे १८६४वर बेतलेली आहे. तुम्ही मालिका बघून आलात, तर तुम्हाला ती उलट जास्त ओळखीची वाटेल.

लाजवर्दी
एलेनाचा प्रसंग मुद्दाम शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. विकरी ब्रिज दोन्हीकडे आहे, गाडी नदीत जाणंही दोन्हीकडे. पुस्तकात हे दुसऱ्याच्या शेवटी घडतं, ती एकटीच गाडी चालवत असते, आणि तिसऱ्यात जागी होते ती व्हॅम्पायर म्हणूनच. मालिकेत त्यासाठी तिसऱ्या सीझनचा शेवट गाठावा लागतो, म्हणजे ६६वा एपिसोड. तिथे स्टिअरिंगवर तिचा मित्र मॅट असतो आणि स्टेफन आधी त्याला बाहेर काढतो, कारण एलेनाच तसं खुणावते.

फरक पडतो तो नियमांमुळे. पुस्तकात पुरेसं रक्त एकमेकांना दिलं-घेतलं असलं तर मेल्यावर माणूस उठतो. मालिकेचा नियम काटेकोर: मरताना अंगात व्हॅम्पायरचं रक्त हवं, आणि उठल्यावर चोवीस तासांत माणसाचं रक्त प्यायलं नाही तर कायमचा मृत्यू. म्हणून लेखकांना आधी एलेनाच्या अंगात रक्त पोचवायची सोय करावी लागली. ती डॉक्टर मेरेडिथ तिला न सांगता डेमनच्या रक्ताने बरं करते ते त्यासाठीच.

पुस्तकातला एक नियम मालिकेने सोडून दिला: वाहतं पाणी ओलांडता न येणं. पहिल्या पुस्तकात मुली स्मशानातून पळतात तेव्हा धाव पुलाकडे का असते, ते हा नियम माहीत नसेल तर कळतच नाही. उलट घरात यायला आमंत्रण लागतं हा नियम मालिकेने थेट कायद्याच्या कागदापर्यंत नेला. दुसऱ्या सीझनमध्ये क्लाउस या आद्य व्हॅम्पायरला रोखण्यासाठी साल्वातोरेंचं घर एलेनाच्या नावावर करतात. सही होते, आणि घराचे मालक दारातच अडकतात. स्वतःच्या घरात शिरायला तिच्याकडून आमंत्रण घ्यावं लागतं! जुन्या नियमाचा इतका नेटका वापर मूळ पुस्तकांतही नाही.

निशाचर
पुलाचं आत्ता डोक्यात शिरलं. ओरिजिनल्सचं कोणी सांगेल का?

क्रमवार
तुमची मुख्य मालिका पूर्ण झालीये, त्यामुळे 'ओरिजिनल्स'चे ९२ एपिसोड सलग बघा, काही बिघडत नाही. फक्त पहिला एपिसोड बघताना 'हे तर पाहिलंय' असं वाटेल. डायरीजच्या चौथ्या सीझनच्या २०व्या एपिसोडमध्ये जे घडतं तेच तिथे क्लाउसचा भाऊ एलायजा याच्या नजरेतून पुन्हा सांगितलंय. तो वगळू नका, मधे नवं बरंच आहे.

अडचण एकाच ठिकाणी. 'ओरिजिनल्स'च्या तिसऱ्या सीझनच्या १४व्या एपिसोडमध्ये स्टेफन अचानक न्यू ऑर्लिन्समध्ये दिसतो. त्याचा आधीचा अर्धा भाग डायरीजच्या सातव्या सीझनच्या १४व्या एपिसोडमध्ये आहे. दोन्ही २६ फेब्रुवारी २०१६च्या रात्री पाठोपाठ दाखवले होते. आधी डायरीजचा तेवढा एक पुन्हा लावा, मग हा. 'ओरिजिनल्स'मधून निघालेली 'लेगसीज' ही मालिका मात्र सगळ्यात शेवटी. नायिका होप ही क्लाउसची मुलगी, आणि 'ओरिजिनल्स'च्या पाचव्या सीझनमध्ये काय झालं ते तिथे सुरुवातीलाच गृहीत धरलंय.

जुनी_वही
पुढे याच वळणाचं काही हवं असेल तर रिशेल मीड यांची 'व्हॅम्पायर अकॅडमी', २००७ ते २०१०मधली सहा पुस्तकं. इथे मात्र आधी पुस्तकं, मग २०२२ची दहा एपिसोडची मालिका. कादंबरी सुरू होते तेव्हा रोझ आणि लिसा या मैत्रिणी अकॅडमीतून दोन वर्षं पळून राहिलेल्या असतात आणि सगळं रोझच्या तोंडून येतं. मालिकेने ते पळणंच काढलं आणि निवेदनही अनेकांत वाटलं. एकच सीझन झाला, त्यामुळे गोष्ट तिथे अर्ध्यावर तुटते. शेवट पुस्तकातच मिळेल.