अर्थशास्त्राच्या शिक्षकांना सिम्युलेशन घ्यायला कसं शिकवायचं?

नवा_सुलभक
नमस्कार मंडळी. माध्यमिकच्या शिक्षकांचं प्रशिक्षण माझ्याकडे आलंय: अर्थशास्त्र आणि उद्योजकता सिम्युलेशनमधून, म्हणजे बाजार किंवा धंदा वर्गात खेळून, शिकवणं. खेळ भरपूर मिळतात, पण शिक्षक प्रशिक्षणात रंगून खेळतात आणि शाळेत गेले की पुन्हा फळ्यावर मागणी-पुरवठ्याचे वक्र काढतात. विचारलं की म्हणतात, गोंधळ होतो, पोर्शन मागे पडतो, आणि मुलांना नेमकं काय कळलं ते सांगता येत नाही. मला तिसरं कारण सगळ्यात खरं वाटतं. वेळ कशावर घालवू?

फळ्यापाशी
अगदी बरोबर हेरलंत. मी बरीच प्रशिक्षणं घेतली आहेत. खेळ शिकवायला वेळ लागत नाही, खेळानंतरची चर्चा शिकवायला लागतो.

बाजाराचा साधा खेळ घ्या. सहा ग्राहक, सहा विक्रेते. ग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर वस्तूचं मोल, म्हणजे ते जास्तीत जास्त किती देतील: 10, 9, 8, 7, 6, 5 गुण. विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांवर खर्च: 2, 3, 4, 5, 6, 7. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. भाव मोठ्यानं पुकारायचा, सौदा ठरला की फळ्यावर लिहायचा. पहिल्या फेरीत कुणी 4 ला विकतो, कुणी 8 ला घेतो. इथेच शिक्षकांचा धीर सुटतो आणि ते 'समतोल किंमत 6' (म्हणजे जितक्यांना घ्यायचंय तितक्यांनाच विकायचंय असा भाव) असं सांगून मोकळे होतात. सांगायचं नाही! त्याच चिठ्ठ्या ठेवून पुन्हा खेळायचं. फेऱ्या वाढतात तसे भाव 6 च्या जवळ सरकू लागतात.

याला इतिहास आहे, तो शिक्षकांना जरूर सांगा. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांवर केलेला असाच प्रयोग 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थी खोलीत फिरून आपापसात सौदे करत, आणि भाव समतोलाला जुळले नाहीत. त्यांचेच विद्यार्थी व्हर्नन स्मिथ यांनी पुढे भाव सगळ्यांसमोर पुकारायला लावले आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा घेतल्या. भाव जुळले. 1962 मध्ये तो निबंध आला, 2002 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणून वेळ वाचवायला हे दोन नियम कुणी गाळू नयेत.

आता चर्चा. 'कोण जिंकलं?' हा पहिला प्रश्न नकोच. 'कुणाचा सौदा झालाच नाही?' असं विचारा. शेवटच्या फेरीनंतर बहुधा 5 चा ग्राहक आणि 7 चा विक्रेता उभे राहतात. का राहिले, हे त्यांनाच बोलू द्या. मग ग्राहकांना मोठ्या आकड्यापासून, विक्रेत्यांना लहान आकड्यापासून रांगेत उभं करा. वक्र तिथेच दिसतो.

एक चुकीचं उत्तर येतंच: '6 ही सगळ्या आकड्यांची सरासरी आहे म्हणून.' गंमत म्हणजे सरासरी खरंच 6 येते! अशा वेळी नुसतं 'चूक' म्हणू नये. 10 ची चिठ्ठी काढून 30 ची द्यावी. सरासरी साडेसातच्या वर जाते, भाव मात्र पुन्हा 6 कडेच झुकतो. कारण भाव ठरतो तो काठावरच्या, म्हणजे ज्यांचा सौदा जेमतेम होतो किंवा थोडक्यात हुकतो अशा, ग्राहक-विक्रेत्यांमुळे. प्रशिक्षणात हाच प्रसंग करून घ्या: एक शिक्षक चर्चा घेणार, बाकीचे विद्यार्थी होऊन अशी उत्तरं देणार.

वाणिज्य_तास
उद्योजकतेबद्दल भर घालतो. कंपनी चालवायच्या खेळात ज्याचा नफा जास्त त्याचं कौतुक होतं आणि तास संपतो. त्यात नशिबाचा वाटा किती, कुणी विचारत नाही. आम्ही प्रत्येक निर्णयाआधी गटाकडून एका ओळीत कारण लिहून घेतो आणि चर्चा त्या कागदांवर करतो. शिवाय एक फेरी उधारीची ठेवतो: 100 गुणांचा माल 150 ला विकला, पैसे दोन फेऱ्यांनी येणार, भाडं मात्र आत्ता द्यायचंय. वहीत नफा, हातात रोकड नाही. खेळतं भांडवल, म्हणजे रोजचे खर्च भागवायला हाताशी असलेला पैसा, कशासाठी लागतं, हे मुलं तेव्हा स्वतःच विचारतात.

नवा_सुलभक
दोघांचे मनापासून आभार. पण पोर्शनचं काय सांगू?

फळ्यापाशी
खेळ धड्यानंतर घेतला तर तो जादा तास होतो. धड्याआधी घ्यायला सांगा. मग वक्र समजावण्याचा बराचसा वेळ वाचतो, कारण मुलांकडे स्वतःचे आकडे असतात. गोंधळाचीही फार धास्ती नको: पुकारा एका वेळी एकाचाच, एवढा नियम पुरतो. आणि पुढच्या भेटीला प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गाचे फेरीनिहाय भाव लिहून आणायला सांगा. ज्यांचे भाव जुळले नाहीत, त्यांच्या कागदापासून सुरुवात करा.