केरळहून नेंद्रन केळीचे मुनवे (बुंध्याशी फुटणारे कोंब) वसईच्या वाडीत आणायचे आहेत, चालतं का?

आगाशीची सून

नमस्कार. मी दहिसरला राहते, सासर आगाशीजवळ. आमच्या वाडीत राजेळी केळीची पंचवीसेक बेटं होती. सासूबाई त्या केळ्यांची सुकेळी करायच्या. सोललेली केळी आठवडाभर उन्हात, वर जाळी, आणि मग सुक्या पानात गुंडाळून दोरीने बांधलेले ते पुडे. 2018च्या जुलैत वसईत पाणी भरलं तेव्हा आमच्या वाडीतलं पाणी लवकर ओसरलंच नाही आणि सगळी बेटं कुजली. सासूबाई आता नाहीत. सासऱ्यांनी तेव्हापासून त्या कोपऱ्यात काही लावलेलं नाही.

माझी शेजारीण त्रिशूरची. ओणमला गावी जाते आहे. तिच्या घरामागे नेंद्रन आहे, परतताना नेत्रावती एक्सप्रेसने पंधरा-वीस मुनवे आणते म्हणाली. मला फार आनंद झाला होता. पण काल तिच्या भावाने फोनवर सांगितलं की केरळबाहेर केळीचं रोप न्यायला बंदी आहे. हे खरं आहे का? माटुंग्याच्या बाजारात तर केरळचं नेंद्रन राजरोस मिळतं. मग रोपालाच मनाई का? आणि मुनवे स्वच्छ धुऊन, औषधात बुडवून आणले तर?

बोरिवलीकर 77

ताई, आणा बिनधास्त. माझ्या मामेभावाने दोन वर्षांपूर्वी पिशवीत घालून सहा मुनवे आणले. ना स्टेशनवर कोणी विचारलं, ना गाडीत.

नायगावचा वाडीवाला

बोरिवलीकर, विचारत कोणी नाही हे खरं आहे. मलाही कोणी विचारलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी परराज्यातून तीस मुनवे आणले. तलवारीसारख्या पानांचे, गुबगुबीत कंद, एकाही पानावर डाग नाही. दोन महिने छान वाढले. तिसऱ्या महिन्यात त्यातल्या चार झाडांची नवी पानं अरुंद आणि ताठ यायला लागली, खराट्यासारखी शेंड्यात दाटलेली, कडा पिवळ्या. मला वाटलं खत कमी पडलं. युरिया दिला! पानाचा देठ उजेडासमोर धरला तर गर्द हिरवे ठिपके आणि रेघा दिसायच्या, तारायंत्राच्या संदेशातल्या टिंब-रेघांसारख्या. ही पर्णगुच्छाची खूण. बंची टॉप म्हणतात तो हाच. हा विषाणू आहे आणि त्यावर औषध नाही. लहानपणीच लागण झालेलं झाड घड देतच नाही.

तुमच्या धुण्या-बुडवण्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. औषधात बुडवल्याने कंदातला सोंडकिडा मरेल, मावा मरेल. विषाणू झाडाच्या रसात असतो, तिथे औषध पोचत नाही. आणि लागण झाल्यावर खुणा दिसायला महिना, कधी तीन-चार महिनेही लागतात. म्हणजे तुमची शेजारीण कितीही प्रामाणिकपणे निरोगी मुनवे निवडो, डोळ्यांनी ते कळणारच नाही. मुळांना चिकटलेली माती हा आणखी एक धोका. मर रोगाची बुरशी तिच्यातून येते आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकते.

पुढचं सांगायला मला अजून जड जातं. हा रोग पसरवतो तो केळीवरचा काळपट तपकिरी मावा. खोडाच्या बुंध्याशी, सोपटांच्या आत बसतो. वाऱ्याबरोबर उडतो, त्याला कुंपण आडवं येत नाही. आपल्या वसईतल्या वाड्या कशा एकमेकींना खेटून आहेत ते तुम्ही जाणताच. माझ्या बांधापलीकडे एका विधवा काकूंची बसराई केळी होती. पुढल्या पावसाळ्यात त्यांच्या वाडीत नऊ झाडांचे शेंडे दाटले. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. मी माझी एकशे चाळीस झाडं काढली. आधी मावा मारायला फवारणी, नाहीतर झाड पाडताच तो उडून शेजारी जातो. मग कंदासकट खणून तुकडे करायचे, एक कोंब मागे राहता कामा नये. काकूंच्या नऊ झाडांचे कंद मी स्वतः खणले आणि भरपाईही दिली. पण त्यांचा त्या वर्षीचा पाडव्याचा घड मी परत आणू शकलो नाही.

तुमच्या सासऱ्यांच्या वाडीलाही शेजार असेल ना? म्हणून कळकळीने सांगतो, आणू नका.

शिवडीचा जुना माणूस

नियमाचं मी सांगतो. आयात-निर्यातीचा माल सोडवण्याच्या (क्लिअरिंगच्या) कामात बावीस वर्षं काढली, शिवडीला हाजी बंदर रोडवरच्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) केंद्रात माझ्या रोज खेपा असायच्या. ते केंद्र परदेशातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचं. देशातल्या देशात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोपं नेण्यावरही बंधनं आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दोन्हींच्या मुळाशी कायदा एकच, 1914चा, विध्वंसक कीटक व कीड यांच्यासाठी केलेला. त्याच्या आधारे केंद्र सरकार ठरावीक रोगासाठी ठरावीक राज्यातून ठरावीक रोप बाहेर न्यायला मनाई करतं. पर्णगुच्छासाठी केरळ, तामिळनाडू, ओडिशा, पश्चिम बंगाल आणि आसाम ही राज्यं यादीत आहेत. शेजारणीच्या भावाचं म्हणणं अगदी बरोबर.

माटुंग्याचं उत्तर सोपं. मनाई रोपाला आहे: मुनवा, कंद, खोड. खायच्या फळाला नाही. आपण खातो त्या केळ्यात रुजणारं बी नसतं. फळ पोटात जातं, साल कचऱ्यात. मुनवा मात्र जमिनीत जातो आणि पुढची दहा वर्षं स्वतःचे मुनवे देत राहतो.

यात महाराष्ट्रही सुटलेला नाही. केळीच्या मोझॅक रोगासाठी महाराष्ट्र आणि गुजरातमधून रोपं बाहेर न्यायला तशीच मनाई आहे. खानदेशात त्याला हरण्या म्हणतात. अलीकडच्या वर्षांत रावेर-यावलकडे त्याच्यापायी लोकांनी उभ्या बागा उपटल्या. म्हणजे शेजारणीला उद्या आपली राजेळी त्रिशूरला न्यावीशी वाटली तरी हाच अडसर. बटाट्याचा चामखीळ रोग दार्जिलिंगकडून, बटाट्याचाच सूत्रकृमी निलगिरीकडून बाहेर जाऊ नये म्हणूनची मनाई, तीही याच यादीत.

बोरिवलीकरांचा मुद्दा खोडून काढत नाही. तपासणी तोकडी आहे. दंडही कायद्यात पहिल्या गुन्ह्याला फक्त 250 रुपयांपर्यंत. एवढ्याने कोणाला धाक वाटणार? पण केरळमध्ये हा रोग 1940च्या सुमाराला श्रीलंकेकडून आला तो असाच रोपांबरोबर, आणि पुढे तामिळनाडूच्या पळनी डोंगरातली विरुपाक्षी केळी त्याने जवळजवळ संपवली. ऑस्ट्रेलियात तो 1913मध्ये फिजीतून शिरला आणि 1920च्या दशकात तिथल्या बागा बसल्या. त्यांनी रोपांच्या ने-आणीवर कडक बंदी घातली, रोगट झाड दिसलं की काढायचंच हा नेम धरला, आणि धंदा वाचवला. तिथल्या बागायतदारांनी बंदी मनापासून पाळली म्हणून ते जमलं.

आगाशीची सून

नायगावचे दादा, तुमचा काकूंचा भाग सासऱ्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पलीकडे पास्कलची वाडी आहे, त्याची सगळी कमाई केळीवर. शेजारणीला नको म्हणून कळवलं. तिला वाईट वाटलं, पण ती फळं आणणार आहे.

मग आता काय करू? टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपं) सुरक्षित असतं का? आणि नेंद्रनची चव राजेळीच्या जवळ जाते का?

नायगावचा वाडीवाला

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यातच उत्तर आहे. राजेळी ही नेंद्रनच्याच गोतातली. नावं वेगळी, माती वेगळी. त्यामुळे जे आणायला तुम्ही त्रिशूरला हात लांबवत होतात ते निर्मळ, भुईगाव, गासकडे अजून काही वाड्यांत उभं आहे. कमी झालंय, पण आहे.

टिश्यू कल्चर सरसकट सुरक्षित नसतं. मातृझाडात विषाणू असेल तर बाटलीतल्या रोपातही उतरतो. म्हणून विषाणू-तपासणी झालेली, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रमाणन योजनेतली रोपं मागा आणि प्रमाणपत्र हातात घेऊन वाचा. लावल्यावर जवळ काकडी, भोपळा, टोमॅटो नको. हरण्याचा विषाणू तिथूनही केळीवर येतो.

गावातलेच मुनवे घेणार असाल तर बेट सहा महिने डोळ्यांखाली ठेवलेल्या माणसाकडून घ्या. घड लागलेलं, नवी पानं रुंद निघणारं बेट निवडा. देठ उजेडासमोर धरून पाहा, पहिली दोन सोपटं सोलून मावा शोधा. माझ्याकडे पाच बेटं आहेत, सात वर्षं त्यांच्यावर नजर आहे. सासऱ्यांना रविवारी घेऊन या, त्यांनी स्वतः पाहून निवडावेत. पाऊस ओसरला की लावता येतील, आणि पाणी साचतं त्या कोपऱ्यात या वेळी उंच वाफा करा.

आगाशीची सून

रविवारी नऊच्या सुमारास येतो. पास्कलकाकाही येतो म्हणालेत, त्यांना देठावरच्या रेघा कशा बघायच्या ते शिकायचंय.