‘घरगुती हिंसाचारात दोषी’ : फुटबॉलपटूंविषयीच्या वादातले काही शब्द

गेल्या रविवारी रात्री बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या घरी माझा पुतण्या आणि त्याचे चार मित्र फुटबॉलचा सामना पाहायला जमले होते. सामना संपला, चहा झाला आणि वाद निघाला तो लुकास हर्नांडेझ या फ्रेंच बचावपटूवरून. घरातल्या मारहाणीबद्दल न्यायालयाने ज्याला शिक्षा दिली, त्याला मोठ्या संघाने खेळवावे काय, असा प्रश्न होता. एकजण म्हणाला, “तो दोषी आहे, त्याला काढायलाच पाहिजे होतं.” दुसरा म्हणाला, “शिक्षा निलंबित झाली, म्हणजे तो सुटला.” तिसऱ्याने “गुनेगार तो गुनेगार” असे आपल्या बडोद्याच्या मराठीत ठणकावले. मी बावीस वर्षे वकिलांकडे जुने मराठी कागद गुजरातीत आणण्याचे काम केले असल्यामुळे माझे लक्ष या शब्दांवरच खिळले, आणि तेव्हापासून जे मनात घोळते आहे ते इथे मांडतो.

आधी प्रकरण सांगतो. २०१७ च्या फेब्रुवारीत माद्रिदमध्ये हर्नांडेझ आणि त्याची जोडीदारीण यांच्यात मारामारी झाली. न्यायालयाने दोघांनाही ३१ दिवसांच्या समाजसेवेची शिक्षा दिली आणि सहा महिने जवळ न जाण्याचा आदेश काढला. ती मुदत संपण्याआधीच दोघे लग्न करून परतले, तेव्हा माद्रिदच्या विमानतळावर त्याला अटक झाली. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये त्याला सहा महिन्यांची कैद सुनावली गेली, ती या आदेशाच्या भंगाबद्दल. ऑक्टोबर २०२१ मध्ये, तो बायर्न म्युनिककडून खेळत असताना, वरच्या न्यायालयाने चार वर्षे नवा गुन्हा न करण्याच्या अटीवर आणि ९६ हजार युरो दंड लावून ती कैद निलंबित केली.

आता ‘निलंबित’ हाच शब्द पाहा. न्यायालय शिक्षा निलंबित करते तेव्हा माणसाला सवलत मिळते, आणि संघ किंवा क्रीडासंघटना खेळाडूला निलंबित करते तेव्हा त्याला शिक्षा होते. एकाच बातमीत दोन्ही निलंबने आली, तर वाचणाऱ्याने कोणते कोणाचे हे कसे ओळखावे? पुतण्याच्या मित्राची नेमकी हीच गफलत झाली. शिक्षा निलंबित झाली, तरी दोष पुसला जात नाही. माझ्या मते शिक्षेच्या बाबतीत ‘अंमलबजावणी स्थगित’ असे लिहावे आणि ‘निलंबन’ हा शब्द खेळाडूसाठी राखून ठेवावा. ‘मुक्त’ या शब्दाचेही असेच आहे. २०१४ च्या सप्टेंबरात रे राइस या ‘अमेरिकन फुटबॉल’ या वेगळ्या खेळातल्या खेळाडूने आपल्या वाग्दत्त वधूला लिफ्टमध्ये ठोसा मारल्याची चित्रफीत बाहेर आली आणि त्याच दिवशी बाल्टिमोर रेव्हन्स या त्याच्या संघाने त्याचा करार संपवला. मराठीत हे ‘संघाने त्याला मुक्त केले’ असे लिहिले, तर घाईने वाचणाऱ्याला त्याची सुटका झाली असेच वाटेल. ‘करार संपवला’ हे दोन साधे शब्द हाताशी असताना ‘मुक्त’ कशाला हवे?

‘दोषी’ शब्दाची अडचण याहून खोल आहे, आणि त्यासाठी आणखी एका अमेरिकी खेळाडूचे उदाहरण घेतो. ग्रेग हार्डी याला जुलै २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका न्यायाधीशांनी आधीच्या मैत्रिणीला मारहाण आणि धमकी या आरोपांवर दोषी ठरवले. त्याने ज्यूरीपुढे सुनावणी मागितली. तिथल्या कायद्याप्रमाणे अशी मागणी केली की पहिला निकाल बाजूला पडतो आणि खटला नव्याने उभा राहतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये, तक्रारदार महिला साक्षीसाठी उपलब्ध न झाल्याने, आरोप मागे घेतले गेले. मार्चमध्ये डॅलस काउबॉइजने त्याला करारबद्ध केले. क्रीडासंघटनेने आधी दहा सामन्यांची बंदी घातली, ती नंतर चारवर आली. या माणसाला मराठीत काय म्हणाल? तो ‘दोषी’ ठरला होता, पण दोषसिद्धी उरली नाही, आणि कोणत्याही न्यायालयाने त्याला ‘निर्दोष’ही म्हटले नाही. चाहत्यांच्या वादात मात्र ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’ अशी दोनच खाती असतात, आणि ‘आरोप मागे घेतले’ हे वाक्य अलगद ‘निर्दोष सुटला’ या खात्यात जमा होते. ‘दोषी’ हे विशेषण माणसाला चिकटते, ‘दोषसिद्धी’ हे नाम न्यायालयाच्या कृतीला. म्हणून निकालाविषयी बोलताना ‘दोषसिद्धी झाली’, ‘दोषसिद्धी रद्द झाली’, ‘आरोप मागे घेतले गेले’ अशी पूर्ण वाक्ये लिहावीत, आणि ‘त्याने मारले असे तुम्हांला वाटते का’ हा प्रश्न वेगळा ठेवावा, कारण संघाने त्याला ठेवावे की नाही हे चाहते बहुधा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरवत असतात.

‘घरगुती’ या शब्दाविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. दांडिया बाजारात आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या दारावर पाटी आहे: ‘घरगुती चिवडा, चकली, मेतकूट मिळेल.’ निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरे आहेत, आणि ‘घरगुती’ हा शब्द इतरांपेक्षा मोठा काढला आहे, कारण माल विकला जातो तो त्याच शब्दावर. घरगुती खानावळ, घरगुती औषध, घरगुती समारंभ, या सगळ्यांत विश्वास आहे, जिव्हाळा आहे, बाहेरच्यांनी लक्ष घालू नये असा आडोसा आहे. हेच विशेषण हिंसाचाराला लावले की तो आडोसा हिंसाचारालाही मिळतो. ‘त्यांचं घरगुती आहे, आपण कशाला पडा’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. पुतण्याचा चौथा मित्र त्या रात्री शब्दशः हेच म्हणाला, की मैदानावरचा माणूस वेगळा आणि घरगुती प्रकरण वेगळे. २००५ च्या कायद्याला मराठीत ‘कौटुंबिक हिंसाचार’ म्हणतात, ते मला पुष्कळ बरे वाटते. ‘कौटुंबिक’ला न्यायालयाची सवय आहे, कारण आपल्याकडे कौटुंबिक न्यायालयेच आहेत, आणि त्या शब्दाला चकलीचा वास येत नाही.

त्या कायद्यावरून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला हा कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचे संरक्षण देतो: जवळ येऊ नये, घरातून काढू नये, निर्वाहाचा खर्च द्यावा. त्या अर्जात अर्जदार आणि गैरअर्जदार असतात, आरोपी नसतो. गुन्हा घडतो तो संरक्षण आदेशाचा भंग केला तर, आणि त्यासाठी एक वर्षापर्यंतची कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही आहेत. पतीच्या क्रूरतेचा फौजदारी गुन्हा वेगळा. तो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. म्हणून ‘घरगुती हिंसाचारात दोषी’ हा मराठी बातम्यांतला शब्दप्रयोग भारतीय प्रकरणासाठी बहुधा अपुरा ठरतो. परदेशी खेळाडूबद्दलही ‘मारहाणीबद्दल’ की ‘आदेशभंगाबद्दल’ हे लिहिले नाही, तर हर्नांडेझच्या कैदेबाबत झाला तसा घोटाळा होतो.

बडोद्यात राहणाऱ्यांना आणखी दोन शब्दांनी सावध राहायला हवे. गुजराती वर्तमानपत्रांत सासरच्या जाचाला ‘त्रास’ म्हणतात. गुजरातीत तो शब्द जड आहे, इतका की दहशतवाद्याला तिथे ‘त्रासवादी’ म्हणतात. आम्ही सकाळी गुजराती पेपर वाचतो आणि दुपारी मराठीत सांगतो, “तो बायकोला त्रास द्यायचा.” मराठीत त्रास कशाचाही होतो, गुडघ्याचा, डासांचा, पाहुण्यांना उगीच दिलेला. शब्द तोच राहतो आणि मार वाटेत हलका होतो. मराठीतला नेमका शब्द ‘छळ’, पण तो गुजराती शेजाऱ्याला सांगावा तर त्याच्या भाषेत छळ म्हणजे कपट. भाषांतराच्या कामात एकदा एका जबानीतल्या ‘छळ’ला मी गुजरातीत ‘छळ’च ठेवले होते. ती बाई सांगत होती मारहाणीविषयी, आणि कागदावर उमटली फसवणूक. वकिलांनी वेळेवर पाहिले म्हणून निभावले, पण त्या बाईचे म्हणणे माझ्या हातून जवळजवळ बदलले होते, आणि त्याची बोच अजून गेलेली नाही. १९३१ साली ज्या बडोदा संस्थानाने राज्यकारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोश छापला, तिथल्या भाषांतरकाराने तरी असे करायला नको होते.

शेवटी ‘हात’. ‘बायकोवर हात उगारला’ याचा अक्षरार्थ हात वर केला एवढाच आहे. तो खाली आला की नाही, हे वाक्यात येतच नाही. ‘अंगावर हात टाकला’ हे त्यापुढचे, तरीही मोघम. आणि ‘हातून चूक झाली’ यात तर करणारा माणूसच नाहीसा होतो. बचावपटूचा पास चुकतो, पंचांचा निर्णय चुकतो, त्यांना चूक म्हणावे. मारणे ही कृती आहे, तिला कर्ता आहे, आणि मराठीत त्यासाठी ‘मारले’ हे निखळ क्रियापद आहे.

भर: वरील मजकुरावर दोन प्रतिसाद आले, त्यांना उत्तर देतो. एकांनी सुचवले की बडोद्यात रूढ असलेला गुजराती न्यायालयीन शब्द ‘तकसीरवान’ दोषसिद्ध माणसासाठी मराठीतही घ्यावा. ‘तकसीर’ आपल्या जुन्या कागदांत भरपूर आहे, हे खरे. पण आज पुण्या-मुंबईचा वाचक तिथे अडखळेल, आणि जो शब्द कोशात पाहावा लागतो तो या विषयात आणखी एक पडदा ठरेल, म्हणून मी तो घेणार नाही. दुसऱ्या ताईंनी लिहिले की शब्दांचा असा कीस काढल्याने मारणाऱ्याचाच बचाव होतो. ताई, तुमचा राग मला समजतो. पण दोषसिद्धी झाली नसताना ‘दोषी’ लिहिले की त्याचे चाहते त्या एका शब्दावर बोट ठेवून सगळी हकीकत खोटी ठरवतात, आणि जिला मार बसला तिचे बोलणे मागे पडते, हे मी त्या रात्री घरातच पाहिले.

पुतण्याला मी दुसऱ्या दिवशी त्याचे मत एका वाक्यात लिहायला सांगितले. त्याने लिहिले: ‘त्याने मारले, न्यायालयाने दोघांनाही शिक्षा दिली, नंतर त्याने आदेश मोडला, आणि तरीही क्लबने त्याला ठेवले, हे मला पटत नाही.’ मला स्वतःला त्या दोघांच्या प्रकरणात इतक्या ठामपणे मत देता येत नाही, पण या वाक्याशी वाद घालता येतो, कारण त्यात कोणी काय केले ते दिसते.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींना एक विचारायचे आहे. तुमच्याकडे हिंदी ‘मारपीट’ घरच्या मराठीत आला आहे का, आणि आला असेल, तर त्यात एकाने दुसऱ्याला मारले असा अर्थ राहतो, की दोघांची झटापट असा होतो?